सोलापूरची गाडी, मनालीचा बर्फ: बर्फाचे टायर घ्यायचे की नाही?

कुटुंब विजापूर रोडचं. नवरा, बायको, शाळेतली दोन मुलं आणि आजी. गाडी मध्यम आकाराची डिझेल एसयूव्ही, पुढच्या दोन चाकांना ताकद देणारी, ६२ हजार किलोमीटर चाललेली. टायर २१५/६० आर १७, गाडीबरोबर आलेलेच. बेत असा, की नाताळच्या सुट्टीत स्वतःच्या गाडीने मनालीला जायचं, सोलंग आणि अटल बोगद्यापलीकडे सिस्सूत मुलांना बर्फ दाखवायचा आणि गड्ड्याच्या यात्रेआधी (सोलापूरची जानेवारीतली सिद्धेश्वर यात्रा) घरी परतायचं. प्रश्न एकच होता: यासाठी बर्फाचे चार टायर घ्यावेत का?

टायरवाल्याने पहिल्याच भेटीत मुद्द्याला हात घातला. ‘मागवून देतो की साहेब, पण परत आल्यावर इथं काय करणार त्यांचं?’ प्रश्न रास्त होता, पण त्यावरून लगेच ‘नको’ म्हणून मोकळं होणंही चुकीचं ठरलं असतं. गाडीवर होते ते टायर बर्फातच काय, साध्या हायवेवरही लांबच्या प्रवासाच्या लायकीचे उरले नव्हते.

गाडीवरचे टायर काय सांगत होते

टायरच्या बाजूला डीओटी या अक्षरांनी सुरू होणारी ओळ असते. तिच्या शेवटच्या चार आकड्यांत पहिले दोन आठवडा सांगतात आणि पुढचे दोन वर्ष. इथे ३११९ होतं, म्हणजे २०१९ सालचा ३१वा आठवडा. सहा वर्षं उलटलेली. नक्षीची खोली पुढे ३.४ मिलिमीटर आणि मागे ४.६. कायद्याची किमान मर्यादा १.६ मिलिमीटर असल्याने कागदावर टायर पास. पण ही मर्यादा बर्फासाठी नाहीच. ऑस्ट्रियात हिवाळी रेडियल टायरची नक्षी ४ मिलिमीटरच्या खाली गेली, की कायदा त्याला हिवाळी टायर मानत नाही. बर्फात पकड मिळते ती नक्षीच्या खाचांत बर्फ दाबून बसतो म्हणून. खाच उथळ झाली की दाबायला जागाच राहत नाही.

खोलीपेक्षा मोठी भानगड रबराची. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० ते ४४ अंशांवर असतो, डांबर त्याहून कितीतरी तापतं आणि गाडी दिवसभर अक्कलकोट रोड एमआयडीसीत उन्हात उभी. अशा उष्णतेत रबरातली तेलं उडून जातात आणि हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन त्याला कडक करत नेतात. नखाने दाबलं तर नव्या टायरचं रबर किंचित आत जातं. या टायरवर नखाची खूणसुद्धा उमटत नव्हती. टायरच्या खांद्यावर, म्हणजे नक्षी आणि बाजू मिळतात त्या कडेला, खाचांत तळाशी केसासारख्या बारीक भेगा पडल्या होत्या. अशा भेगा उभं राहून दिसत नाहीत. स्टिअरिंग पूर्ण वळवून, खाली बसून, बॅटरीच्या तिरप्या उजेडात पाहावं लागतं.

स्टेपनीची गोष्ट वेगळीच. ती कधी वापरलीच नव्हती, नवीकोरी दिसत होती, पण वय तेवढंच. शिवाय अनेक गाड्यांत स्टेपनी लहान मापाच्या लोखंडी रिमवर येते, तशीच ही होती. मुद्दाम सांगण्याचं कारण म्हणजे १७ इंची टायरसाठी घेतलेली बर्फाची साखळी (बर्फात पकड मिळावी म्हणून टायरवर चढवतात ती) तिच्यावर बसत नाही.

बर्फाच्या टायरमध्ये असतं काय

दोन गोष्टी. पहिली म्हणजे मिश्रण. हिवाळी टायरच्या रबरात सिलिका आणि नैसर्गिक रबराचं प्रमाण असं राखतात, की ७ अंशांच्या खालीही ते लवचीक राहतं. आपला नेहमीचा टायर त्या तापमानाला कडक होऊ लागतो. दुसरी म्हणजे नक्षी. प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडने चिरल्यासारख्या बारीक नागमोडी चिरा असतात आणि चाक फिरताना त्यांच्या कडा बर्फात रुततात.

खरेदी करताना फसगत होते ती खुणांमध्ये. ‘एम+एस’ ही खूण चिखल आणि बर्फासाठी असली, तरी ती नक्षीच्या रचनेवरून कंपनीने स्वतःच लावलेली असते. बर्फावर चाचणी द्यावीच लागते असं नाही. खरी खूण म्हणजे तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण. ही मिळवण्यासाठी बर्फावरच्या पकडीची ठरलेली चाचणी पार करावी लागते. जर्मनीने तर २०२४च्या ३० सप्टेंबरनंतर नुसत्या ‘एम+एस’ला हिवाळी टायर म्हणून मान्यताच काढून घेतली. आपल्याकडच्या कित्येक एसयूव्ही टायरांवर ‘एम+एस’ असतं आणि दुकानात ते बोट ठेवून दाखवलं जातं. त्यावर विसंबू नये.

आता सोलापूरचा हिशेब. इथे डिसेंबरच्या पहाटेही पारा क्वचितच १० अंशांखाली उतरतो, म्हणजे ७ अंशांची अट वर्षभरात जवळपास कधीच पुरी होत नाही. सोलापूर ते मनाली एका बाजूने अंदाजे २१०० किलोमीटर. त्यात बर्फाचा पट्टा म्हणजे मनालीपासून बोगद्याच्या दक्षिण तोंडापर्यंत २५ किलोमीटर आणि पलीकडे सिस्सूपर्यंत थोडा. जाऊन-येऊन साठेक किलोमीटर धरा. एकूण प्रवासाच्या शंभर किलोमीटरांत दीडही नाही. उरलेल्या वाटेवर, म्हणजे धुळे, इंदूर, कोटा, जयपूर या दुपारच्या उबदार, कोरड्या रस्त्यांवर, मऊ रबराचे ठोकळे वाकतात, ब्रेक लावल्यावर गाडी थांबायला जास्त अंतर घेते, वळणावर लोळल्यासारखी वाटते आणि टायर भराभर घासतो. शिवाय आजी, मुलं आणि सामान धरून गाडी पूर्ण भरलेली. टायरच्या बाजूवरचा भारांक मूळ टायरइतका किंवा जास्तच हवा (९६ असेल तर एका टायरला ७१० किलो). मापाबरोबर तोही तपासावा.

वर्षातून एकदा दहा-बारा दिवस वापरायचे म्हटलं तरी टायर उरलेला काळ कुठेतरी ठेवावे लागणार. सोलापुरात जागा म्हणजे बहुधा पत्र्याची शेड किंवा गच्चीवरची खोली. मे महिन्यात पत्र्याखाली मऊ रबर न वापरताच म्हातारं होतं. सहा वर्षांनी नक्षी शाबूत आणि रबर मेलेलं, अशी त्या चार टायरांची गत झाली असती. त्यात मिळण्याचीही अडचण. जून २०२०मध्ये केंद्राने नव्या टायरांची आयात निर्बंधित यादीत टाकली, त्यामुळे बाहेरचे हिवाळी टायर हव्या त्या मापात सहज हाती लागत नाहीत. बाजारात ते मुख्यतः काश्मीर-हिमाचलकडे दिसतात. ‘बर्फाचा आहे’ म्हणून कोणी जुना किंवा रिमोल्ड (जुन्यावर नवी नक्षी चढवलेला) टायर दाखवला तर सरळ नाही म्हणावं. आणि पैसे वाचवायला दोनच हिवाळी टायर पुढे बसवायचे, हा विचार तर धोक्याचाच. पुढची चाकं धरतात, मागची सुटतात आणि उतारावर ब्रेक लागताच गाडीची शेपूट दरीकडे वळते. घ्यायचे तर चार घ्यावेत.

थांबायला किती अंतर लागतं

या प्रकरणात निर्णय खरा फिरला तो या आकडेमोडीवर. कोरड्या डांबरावर घर्षणाचा गुणांक, म्हणजे टायरच्या पकडीचा आकडा, ०.८ धरू, दाबलेल्या बर्फावर साध्या टायरला ०.२, हिवाळी टायरला ०.३ आणि गुळगुळीत गोठलेल्या बर्फावर ०.१. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाताना ब्रेक लागल्यापासून गाडी थांबेपर्यंतचं अंतर कोरड्यावर ८ मीटर. सपाट बर्फावर साध्या टायरने सुमारे ३२, हिवाळी टायरने २१. गोठलेल्या बर्फावर ६३.

पण मनालीकडे येताना रस्ता उताराचा. शंभर मीटरला आठ मीटर उतार असेल तर तेवढी पकड उतारच खाऊन टाकतो. साध्या टायरचं अंतर ५२ मीटरवर जातं, हिवाळी टायरचं २९वर. गोठलेल्या बर्फावर ०.१मधून ०.०८ वजा केल्यावर जे उरतं, त्यावर गाडी थांबेल असं धरूच नये. उतार शंभराला दहा झाला तर ब्रेक कितीही दाबा, वेग कमी होत नाही.

आता त्याच आठच्या उतारावर साधा टायर ठेवून वेग ताशी २० करा. अंतर १३ मीटर. म्हणजे वेग निम्मा केल्याने जे मिळतं, ते चार महाग टायर घेऊनही मिळत नाही. मग टायर बदलायचेच कशाला? कारण चढ. पुढच्या चाकांवर ताकद, आणि गाडी भरलेली असताना वजनाचा जेमतेम अर्धा भाग पुढे. चढावर तोही मागे सरकतो. आठच्या चढावर गाडी नुसती पुढे सरकत राहायला पुढच्या टायरांना ०.१६ची पकड लागते. नवा साधा टायर ती कशीबशी देतो. सहा वर्षांचा कडक झालेला टायर देत नाही: चाक जागेवर फिरतं, खालचा बर्फ घासून काच होतो आणि मग नवा टायरही तिथून निघत नाही. सोलंगच्या वर वाहतूक कोंडते ती बहुधा अशाच एका गाडीमुळे. डिसेंबर २०२४मध्ये सोलंग ते अटल बोगदा या पट्ट्यात शेकडो गाड्या अडकल्या होत्या. म्हणूनच बर्फ पडला की पोलीस नेहरू कुंड किंवा सोलंगपाशी अडवतात आणि पुढे फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद देणाऱ्या) किंवा साखळी लावलेल्या गाड्याच सोडतात. फोर बाय फोरमुळे गाडी चढते, थांबण्यात मात्र तिचा काही उपयोग नाही. हे भाड्याच्या जीपमध्ये बसतानाही ध्यानात ठेवावं.

ठरलं ते असं

बर्फाचे टायर घ्यायचे नाहीत. चार नवे साधे टायर घ्यायचे, कारण ते मनालीला गेलं नाही तरी घ्यावेच लागणार होते. स्टेपनीही बदलायची. पुढच्या चाकांसाठी साखळीची एक जोडी जवळ ठेवायची, पण अडीअडचणीपुरती. मनालीच्या वर, सोलंग असो की सिस्सू, रस्त्यावर बर्फ असेल तर आपली गाडी हॉटेलवर आणि स्थानिक चालकाची फोर बाय फोर. तिचं एका दिवसाचं भाडं हंगामात चढतं, तरी चार हिवाळी टायरांपुढे ते काहीच नाही. त्यापेक्षा मोलाचं हे, की त्या चालकाला कुठल्या वळणावर सूर्य पोचत नाही हे माहीत असतं.

नवे टायर निघण्याच्या तीन आठवडे आधी बसवले. नव्या टायरच्या पृष्ठभागावर साच्यातून निघताना राहिलेला थर असतो आणि पहिल्या तीनेकशे किलोमीटरांत पूर्ण पकड येत नाही. पंढरपूरच्या दोन फेऱ्यांत ते काम झालं. मग अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग पुन्हा तपासून घेतलं. दुकानातच डीओटीचे आकडे वाचून चारही टायर त्याच वर्षाचे असल्याची खात्री करावी आणि रबरी व्हॉल्व्ह नवे टाकून घ्यावेत. जुना व्हॉल्व्ह थंडीत मुळाशी हवा सोडतो.

साखळीच्या बाबतीत पहिलं काम गाडीचं मॅन्युअल उघडण्याचं. बऱ्याच गाड्यांत सर्वांत मोठ्या टायरवर साखळी लावू नये असं स्पष्ट लिहिलेलं असतं, कारण टायर आणि शॉकअॅब्सॉर्बर यांच्यात जागा कमी. या गाडीत पातळ कड्यांची साखळी चालत होती. सोलापुरातच पार्किंगमध्ये दोनदा लावून पाहिली. साखळी जमिनीवर पसरून एकही पीळ राहिला नाही ना ते पाहायचं. स्टीलच्या तारेचं कडं टायरमागून घालून वर आणायचं आणि टोकं जोडायची. मग बाहेरचा हुक, आणि शेवटी ताणाची साखळी ओढून अडकवायची. हुकांची उघडी बाजू टायरपासून बाहेर. उलटी बसली तर तेच टोक टायरच्या भिंतीत घुसतं. त्यानंतर स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून ब्रेकची रबरी नळी आणि एबीएसच्या वायरपासून अंतर मोकळं आहे का ते पाहायचं. शंभर मीटर चालवून उतरायचं आणि पुन्हा ताणायची. पहिल्या ताणावर समाधान मानलं तर ती सैल होऊन चाकाच्या कमानीवर आपटते आणि वायर तोडते. वेग ४०च्या खाली. उघडं डांबर लागलं की काढायची. बोगद्यात ९ किलोमीटर बर्फ नसतो, म्हणजे एका फेरीत चारदा घालणं-काढणं आलं. उणे पाच अंशांत, ओल्या हातमोज्यांनी. सिस्सूला आपली गाडी न नेण्याचं हेही एक ठोस कारण.

हवा, डिझेल, पाणी

हवेबद्दल गैरसमज फार. सोलापुरात ३० अंशांत थंड टायरमध्ये ३३ पीएसआय भरली. मनालीत पहाटे उणे ५ अंश. निव्वळ तापमानाने ती पाच-साडेपाच पीएसआयने उतरायला हवी. पण मनाली सुमारे २०५० मीटरवर आहे आणि तिथे बाहेरच्या हवेचा दाब कमी असल्याने मापकावर सव्वादोन-अडीच पीएसआय परत मिळतात. आकडा ३०च्या आसपास दिसतो. तेवढी भरून ३३ करावी आणि परतीला सकाळी, टायर गार असताना, जास्तीची सोडावी, नाहीतर सोलापूरच्या ३० अंशांत ती ३६च्या वर गेलेली असते. बर्फात हवा कमी करावी हा सल्ला वाळूचा आहे. घाटातल्या दाबलेल्या बर्फावर त्याने फायदा नाही आणि खड्ड्यात रिम वाकते.

डिझेलकडे कोणी पाहत नाही आणि सकाळी गाडी सुरू होत नाही ती बऱ्याचदा त्यामुळे. सपाटीवर भरलेल्या डिझेलमधलं मेण कडाक्याच्या थंडीत सुटं होऊन फिल्टर बंद करतं. इंडियन ऑइलने २०१९मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारं खास डिझेल आणलं, ते याच कारणाने. मंडीपर्यंत टाकी जवळपास रिकामी आणावी आणि कुल्लू-मनालीत भरावी, म्हणजे सपाटीवरचं डिझेल टाकीत फारसं उरत नाही.

रेडिएटरचं तर सोलापुरी दुखणं. उन्हाळ्यात गाडी तापली की साधं पाणी ओतायचं, अशी इथली सवय. कूलंट पातळ होत जातं. अर्धं इथिलीन ग्लायकॉल आणि अर्धं पाणी असेल तर ते उणे ३७ अंशांच्या आसपास गोठतं. नुसतं पाणी शून्यालाच गोठून इंजिनाचा ब्लॉक फोडू शकतं. या गाडीतलं कूलंट तपासलं तेव्हा त्यात पाणीच जास्त निघालं. सगळं काढून नवं भरलं. काचेवर फवारायच्या टाकीतलं साधं पाणीही काढून टाकावं. गोठलेल्या काचेवर गरम पाणी ओतलं तर काच तडकते. बॅटरी शून्य अंशाला सुमारे ८० टक्केच ताकद देते आणि सोलापूरच्या उन्हात तीन वर्षं काढलेली बॅटरी आधीच अर्धमेली असते. रात्री सपाट जागी गाडी पहिल्या गिअरमध्ये उभी करून चाकाला दगड लावावा. ओला हँडब्रेक ओढून ठेवला तर सकाळी ब्रेकचे शू चिकटलेले सापडतात.

बर्फाची एवढी तयारी केली, तरी या प्रवासात सगळ्यात जास्त भीती बाळगायची ती धुक्याची. डिसेंबर-जानेवारीत हरियाणा-पंजाबच्या सपाटीवर पहाटे दहा मीटरपुढचं दिसत नाही आणि मागून ट्रक येत असतो. जयपूरच्या पुढे सकाळी ऊन पडेपर्यंत निघायचं नाही आणि अंधारात गाडी हाकायची नाही, एवढा एक नियम वेळापत्रकातच घालून टाकला. त्यासाठी जाताना एक मुक्काम वाढवला.

उत्तर बदलेल ते असं झालं तर: नोकरीची बदली श्रीनगरला किंवा लेहला झाली आणि गाडी डिसेंबर ते मार्च तिथेच राहणार असेल, तर चार हिवाळी टायर घ्यावेतच, शक्यतो तिथल्याच दुकानातून, मूळ मापाच्याच वेगळ्या रिमवर. मग हंगाम बदलताना रिमसकट अदलाबदल होते आणि टायरची कडा दरवेळी रिमवरून ओढून ताणावी लागत नाही. मध्यम पर्याय म्हणून डोंगर-हिमकणाची खूण असलेले बारमाही टायर मिळतात. वर्षातून दोन-तीन महिने हिमाचलात काढणाऱ्याला ते सोयीचे. सोलापुरात उन्हाळा काढायचा असेल तर मात्र तेही लवकर घासतात. मार्चच्या शेवटाला पारा ३८ अंशांवर चढण्याआधी ते उतरवून ठेवता येत नसतील तर घेऊ नयेत.